तीन दशांश मिलिमीटर

चाक तीन दशांश मिलिमीटरने रुंद झालं होतं, तेही एकाच जागी. हवा भरायच्या व्हॉल्व्हपासून डावीकडे चार बोटांवर. रिमभोवती मी खडूने सोळा खुणा केल्या होत्या. पंधरा खुणांवर रुंदी मोजायचा व्हर्नियर चोवीस पूर्णांक एक दाखवत होता आणि या एका खुणेवर चोवीस पूर्णांक चार. मी व्हर्नियरचे जबडे पुसले, पुन्हा लावले. चोवीस पूर्णांक चार. चष्मा काढून त्या जागेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच कळलं नाही. बोटावर विश्वास ठेवून निर्णय घेणारी माणसं मला म्हणूनच कधी आवडलेली नाहीत.

"झालं का तुझं?" नीलकंठ चहाचा कप घेऊन व्हरांड्याच्या दारात उभे होते. मदनमहालच्या टेकडीवरून नुकतेच उतरून आलेले, घट्ट चड्डी, पाठीवर तीन खिसे असलेला पोपटी शर्ट. "काय दिसून राहिलं त्या व्हर्नियरमध्ये? सायकलचं चाक आहे ते, तोफगोळा नाही."

"ब्रेक किती वेळ दाबला होता?"

"पूर्ण उतार. तूच म्हणाली होतीस ना, दाबूनच या."

मी वहीत आकडा लिहिला. त्यांनी वहीत डोकावूनही पाहिलं नाही. चाक उचललं, उन्हात धरलं आणि त्याच्यावरची काळी झाक न्याहाळत आत घेऊन गेले. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. एवढ्या प्रेमाने त्यांनी आजवर फक्त पहिला मोबाईल न्याहाळला होता.

मी शहरातल्या एका कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करते. रबर, गोंद, रेझिन असल्या वस्तू तापवणं, ओढणं, तोडणं, आणि कुठे तुटल्या ते लिहून ठेवणं, हे माझं काम. त्यामुळे कार्बनची चाकं मला दिसतात ती अशी: धागे आणि रेझिन. धागे उष्णतेला भीत नाहीत. त्यांना धरून ठेवणारं रेझिन भितं. एका ठराविक तापमानापर्यंत ते काचेसारखं कडक राहतं आणि त्यानंतर चामड्यासारखं वागू लागतं. सायकलचा ब्रेक जुन्या तऱ्हेचा असेल, म्हणजे दोन रबरी ब्रेकशू रिमच्या कडेलाच चिमटत असतील, तर लांब उतारावर सगळी उष्णता त्या कडेत जाते. ॲल्युमिनियम ती चटकन पसरवून हवेला देऊन टाकतं. कार्बन ती जागच्या जागी धरून बसतो. आतून ट्यूबची हवा बाहेर रेटत असतेच. मऊ पडलेली कड मग फुगते. जास्त फुगली तर ब्रेकशूत अडकते किंवा टायर सोडून देते. त्या वेळी सायकलचा वेग ताशी पन्नास असतो आणि सायकलवर एक्क्याण्णव किलोचे रेल्वेचे ऑफिस सुपरिंटेंडेंट असतात.

त्या दिवशी टेकडीवर पाठवण्याआधी मी रिमवर, ब्रेकच्या घासपट्टीच्या जरा खाली, एक चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर चार पांढरे चौकोन असतात. शंभर, एकशेदहा, एकशेवीस, एकशेतीस अंश. तेवढं तापमान आलं की तो चौकोन काळा होतो आणि पुन्हा कधी पांढरा होत नाही. माणसांपेक्षा ही पट्टी प्रामाणिक, एकदा जे कबूल केलं ते फिरवत नाही. तिचे तीन चौकोन काळे झाले होते. मदनमहालचा उतार उंचीने पन्नास-एक मीटर. पचमढीहून मटकुलीला उतरताना सहाशे मीटर उतरावं लागतं.

आणि या चाकांवरून सगळा ग्रुप दोन आठवड्यांनी पचमढीचाच घाट उतरणार होता.

ग्रुप म्हणजे सिविल लाइंसच्या चौकात पहाटे साडेपाचला जमणारे आठ पुरुष. वय तीस ते छप्पन्न. त्यांचे नेते आलोक दुबे, सरकारी इमारतींचे ठेकेदार, सगळ्यांचे आलोक भैया. या मंडळींना ग्रॅम या एककाचं वेड आहे. पाण्याची बाटली हलकी हवी, सीटखालचा नळा हलका हवा, मोज्यावरची चिठ्ठी कापून टाकायला हवी. कार्बनच्या एका जोडीमागे चारशे ग्रॅम वाचतात, असं नीलकंठनी मला अगदी हळू आवाजात सांगितलं, जणू घरात कोणी आजारी आहे. राइड संपली की हेच लोक खोव्याची जिलेबी खातात. तिचं वजन कोणी करत नाही.

सात जोड्या एकत्र मागवल्या, एका परदेशी वेबसाइटवरून, आलोक भैयांनी पाठवलेल्या फोटोवरून. खोक्यात चाकं होती आणि स्टिकर होते. कार्बनसाठी वेगळे ब्रेकशू लागतात, ते नव्हते. रेझिन किती अंशांना मऊ पडतं त्याचा कागद नव्हता. मी विक्रेत्याला मेल केला. उत्तर आलं की आमची चाकं फार हलकी आहेत. मी पुन्हा आकडा विचारला. उत्तर आलं, मित्रा, काळजी करू नका. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला दुसऱ्या रंगाचे स्टिकर देऊ केले.

खोकी उघडली त्या दिवशी आलोक भैया आमच्या व्हरांड्यात म्हणाले होते, "मैडम, आप तो लैब वाली हैं। एक बार देख लीजिए, बस। आपका ठप्पा लग जाए तो हम भी निश्चिंत।"

"देखती हूँ," मी म्हणाले होते. एवढंच.

मी पाहिलं. पहिल्या आठवड्यात कागद पाहिले, म्हणजे कागद नाहीत हे पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात कॉलनीच्या रस्त्यावर खडूची रेघ मारून नीलकंठना त्याच वेगाने आणून थांबवलं, जुन्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर आणि नव्यावर, कोरड्यात आणि बादलीभर पाणी ओतून ओल्यात. कोरड्यात फरक दीड मीटरचा. ओल्यात जुनी चाकं आठ मीटरवर थांबली, नवी पंधरावर. पंधरावर म्हणजे शेजारच्या कुंपणाच्या मेंदीत.

"चाक नवं आहे, जरा रुळलं की पकडेल," मेंदीची पानं झटकत नीलकंठ म्हणाले.

वही भरत होती. मी बोलत नव्हते.

माझे सासरे भाऊराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तेही तपासणी खात्यातूनच निवृत्त झाले. नागपूरहून इथे नोकरीला आले आणि पस्तीस वर्षं मालावर ठप्पे मारले. त्यांच्या काळची एक रीत अजून चालते. एखादा लॉट मापात थोडा चुकला, पण टाकून द्यावा एवढा नाही, तर त्याला डेविएशन देतात. म्हणजे सही करून लिहायचं की वापरा, पण अमुक अटीवर. बाबांचा डेविएशनवर फार जीव. घरातही तेच. दूध किंचित नासलं तर चहाला नको, कढीला चालेल. भाचीचा नवरा जरा घुम्या निघाला तर लग्नाला नको म्हणू नका, वेगळं घर करून द्या.

टेकडीच्या चाचणीनंतर संध्याकाळी मी त्यांना वही दाखवली. त्यांनी आकडे नीट वाचले. पूर्ण घरात तेवढे एकच आकडे वाचतात.

"तीन पॉइंट," ते म्हणाले. "तीन पॉइंट म्हणजे काही आभाळ नाही कोसळलं, बेटा. डेविएशन देऊन टाक."

"काय अट घालू?"

"उतार आला की सायकलवरून उतरायचं आणि पायी चालायचं."

"बावीस किलोमीटर?"

"चालतील. पोटं कमी होतील."

"मग चाकं काहून घेतली, बाबा?"

"शोभेले," ते म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

हसू आलं, आणि त्या हसण्यात आणखी एक दिवस गेला. मीही काही वेगळी नव्हते. पट्टीचे चौकोन मला पुराव्यासारखे दिसत होते, व्हर्नियर स्वच्छ बोलत होता, आणि मी मात्र रोज सकाळी ठरवत होते की एका वाचनावरून निष्कर्ष काढू नये. हे वाक्य मी प्रशिक्षणाला आलेल्या पोरांना शिकवते. पळ काढायला ते इतकं सोयीचं आहे हे मला माहीत नव्हतं.

खरं कारण वेगळं होतं. तीन वर्षांपूर्वी नीलकंठना डावलून त्यांच्या ज्युनिअरला बढती मिळाली. त्यानंतर चार महिने ते ऑफिसातून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. दिवाळीचा फराळ त्यांच्यासमोर ठेवला तर म्हणायचे, ठेव. एका रविवारी केतन, त्यांच्याच सेक्शनमधला पोरगा, जुनी सायकल घेऊन आला आणि म्हणाला, सर, फक्त नदीवर, ग्वारीघाटपर्यंत. त्या दिवशी ते घामाने भिजून परत आले आणि दोन वाट्या पोहे खाऊन आणखी मागितले. सायकलविरुद्ध या घरात एक शब्द काढायचा म्हणजे त्या पोह्यांविरुद्ध बोलायचं.

म्हणून मी चाकं होल्डवर ठेवली होती. आमच्या प्रयोगशाळेत जाळीचा एक पिंजरा आहे. ज्या मालाचा निकाल लागलेला नाही तो त्यात जातो, बाहेर कुलूप. सही होईपर्यंत त्याला संचालकही हात लावत नाहीत. कोणी काही बोललेलं नाही याचा अर्थ तिथे एकच, माल हलणार नाही. बावीस वर्षं या नियमात काढल्यामुळे मी धरून चालले होते की माझं मौनही तसंच कुलूप आहे. मी हो म्हणेपर्यंत चाकं घाटात जाणार नाहीत. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं असंही मला वाटलं नव्हतं. एवढी शिकलेली बाई, आणि घर व कारखाना यांतला फरक तिला कळू नये!

बुधवारी तो कळला. आमच्याच भागातल्या गोरखपूर बाजारात मेथी निवडत होते तेव्हा गीतांजली भेटली, केतनची बायको. चार वर्षांची पोरगी तिच्या ओढणीला लोंबकळत होती.

"ताई, बरं झालं तुम्ही भेटल्या. थँक यूच म्हणायचं होतं."

"कशाबद्दल?"

"चाकांचं! मी तर यांना साफ म्हटलं होतं, असलं कुठलं कुठलं सामान लावून घाटात जायचं नाही. घरात लहान पोर आहे. दोन दिवस बोलत नव्हते आम्ही. मग यांनी ग्रुपचा मेसेज दाखवला. म्हटलं, विनताताईंनी पास केलं ना, मग जा बाबा."

"कुठला मेसेज?"

तिने फोन काढला. नवऱ्याने तिला तो पुढे पाठवला होता. आलोक भैयांनी लिहिलं होतं, 'विनता मैडम (क्वालिटी लैब) ने सब व्हील चेक कर लिए हैं। ऑल ओके। पचमढी पक्का।' त्याखाली सात अंगठे. पाचवा अंगठा नीलकंठचा होता.

"यांना उतारावर पुढे जायची फार हौस," गीतांजली म्हणाली. "सगळ्यात आधी हेच उतरतात. मला तर बघवत नाही, ताई. पण आता टेन्शन नाही."

पोरीने माझ्या पिशवीतली मेथीची काडी ओढून तोंडात घातली आणि थुंकली. मी फोन परत दिला. त्याच क्षणी सांगता आलं असतं. भाजीवाल्यासमोर, त्या पोरीसमोर, एक शब्द. मी म्हणाले, "मी नीलकंठशी बोलते." ती हसली. तिला वाटलं मी वेळेचं वगैरे काही बोलणार आहे.

घरी नीलकंठ साखळीला तेल देत होते.

"मी कधी म्हटलं ऑल ओके?"

त्यांनी मान वर केली नाही. "आलोक भैयांनी टाकलं ते."

"अंगठा तुमचा आहे."

"मग काय करायचं होतं? सगळ्यांनी दिला."

"मी हो म्हटलेलं नाही."

आता त्यांनी कापड खाली ठेवलं. "नाही तरी कुठे म्हटलंस? पाच आठवडे झाले, विनता. खडू, बादली, पट्ट्या, सगळं करून राहिली तू. मी रोज विचारतो, काय निघालं? तू म्हणते, मोजतेय. वाईट असतं तर बोलली असती ना? असं समजतो माणूस."

पाच आठवड्यांतला तो त्यांचा एकमेव शास्त्रशुद्ध युक्तिवाद होता.

"अजून मोजतेय," मी म्हणाले.

"मोज," ते म्हणाले आणि पुन्हा साखळीकडे वळले.

रविवारी दुपारी शेवटची बैठक आमच्याकडे होती. शनिवारी निघायचं होतं. सायकली कंपाउंडच्या भिंतीला ओळीने टेकवल्या होत्या, सातांना नवी काळी चाकं लावलेली. व्हरांड्यात पोहे, जिलेबी आणि आठ पुरुषांचे आवाज. बाबा आरामखुर्चीत. मी पाण्याचे ग्लास ठेवले आणि आत न जाता खांबापाशी उभी राहिले. वही माझ्या हातात होती, व्हर्नियर पदराखाली. कोणाचं लक्ष गेलं नाही. ग्लास ठेवून झालेल्या बाईकडे लक्ष जायचं कारण नसतं.

आलोक भैया नकाशावर बोट ठेवून समजावत होते. "मटकुली तक नॉनस्टॉप डिसेंट। कोई ब्रेक-व्रेक नहीं, फ्लो में उतरना है। मज़ा ही उसी का है।"

"धुकं असलं तर भैया? रस्ता ओला असतो तिकडे," केतनने विचारलं. तो तेवढा एकच विचार करणारा होता, आणि तोही जिलेबी तोंडात ठेवून.

"अरे, तो ब्रेक है ना! और मैं तीन साल से कार्बन पे ही हूँ। मांडू का पूरा घाट उतरा हूँ, बारिश में। कुछ हुआ मुझे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भिंतीकडे पाहिलं. त्यांची सायकल सर्वांत टोकाला होती, लाल. पाच आठवडे मी त्यांच्या शब्दांवर चिडत होते आणि त्यांच्या सायकलकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पुढच्या चाकाच्या मध्यभागी, आसाशी, ताटलीएवढी स्टीलची चकती चमकत होती.

"भैया, आपकी तो डिस्क है," मी म्हणाले.

आलोक भैया हसले. "जी मैडम, डिस्क है। क्यों?"

"मग तुमचा ब्रेक रिमला हातच लावत नाही. तो त्या चकतीला पकडतो. तापते ती चकती. तुमचं कार्बन तीन वर्षं थंड आहे. या सातांचा ब्रेक रिमला घासतो." मी मराठीतच बोलत होते. त्यांना सगळं कळत होतं, कळत नसल्याचं भासवायचं होतं. "तुम्ही मांडूच्या घाटात जे तपासलं ते या चाकांबद्दल नव्हतंच."

"अरे मैडम, कार्बन तो कार्बन है। और आपने तो खुद चेक किया है।"

"हो. केलं आहे."

"तो फिर?" त्यांनी हात पसरले. "इतने दिन में आप कुछ बोलीं नहीं, तो हम क्या समझें?"

हे दुसऱ्यांदा ऐकत होते, आणि या वेळी घरच्या माणसाकडून नाही. बाकीचे सातही जण माझ्याकडे पाहत होते. थोड्या वैतागाने, थोड्या गमतीने. गणपतीत आरती चालू असताना कोणी मध्येच वीजबिलाची आठवण काढावी, तसं. नीलकंठ तेवढे खाली पाहत होते.

मी त्यांच्याजवळ गेले आणि व्हर्नियर त्यांच्या हातात दिला.

"तुमचं पुढचं चाक. खडूच्या खुणा आहेत. एक एक वाचा."

"विनता, आत्ता?"

"आत्ता. मोठ्याने वाचा."

ते उठले, बहुधा वाद नको म्हणून. भिंतीपाशी उकिडवे बसले. त्यांना व्हर्नियर वाचता येतो. बाबांनी सातवीतच शिकवला होता.

"चोवीस एक," ते म्हणाले. चाक थोडं फिरवलं. "चोवीस एक. चोवीस एक. चोवीस एक." त्यांचा आवाज कंटाळलेला होता. आलोक भैयांनी फोन काढला. "चोवीस एक." चाक फिरलं. व्हॉल्व्ह वर आला. त्यांनी जबडे लावले. जबडे उघडले, शर्टाच्या कडेला पुसले, पुन्हा लावले. मी आठ दिवसांपूर्वी केलं होतं ते सगळं त्याच क्रमाने त्यांनी केलं.

"चोवीस चार," ते म्हणाले. आवाजात आता कंटाळा नव्हता. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. "हाताला तर काही लागत नाही."

"नाहीच लागत. हे मदनमहालच्या एका उतारावर झालंय. पन्नास मीटरच्या. एकशेवीस अंशांत."

केतन जिलेबीची ताटली खाली ठेवून आपल्या सायकलकडे गेला. पुढचं चाक धरून उभा राहिला, जणू आता त्याला ते धरून ठेवावं लागणार होतं.

आलोक भैया म्हणाले, "पॉइंट तीन, मैडम? इतना तो टायर में भी होता है।"

नीलकंठ अजून उकिडवेच होते. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असेल अशी माझी तयारी होती. राग नव्हता. भिंतीकडे तोंड करून झोपण्याच्या त्या चार महिन्यांतही ज्या चेहऱ्याने ते माझ्याकडे कधी वळले नाहीत, तो चेहरा होता. विचारणाऱ्या माणसाचा.

"डेविएशन?" आरामखुर्चीतून बाबांनी हळूच विचारलं.

"नाही, बाबा."

"मग काय ते बोल ना," नीलकंठ म्हणाले. "हो का नाही. एक शब्द."

मी वही मिटली. पुढचं वाक्य सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, कारखान्यात म्हणतात तसंच.

"रिजेक्ट। पूरा लॉट।"